विश्लेषण : आसई जिंकणारा सेनापती सिंत्राच्या तहात कसा अडकला?

पोर्तुगालची राजधानी लिस्बनहून लोकल गाडीने साधारण ४० मिनिटांत सिंत्राला पोहोचता येते. डोंगरउतारावरचे हे छोटे शहर राजवाडे, जुन्या हवेल्या आणि दाट बागांसाठी ओळखले जाते. गावाबाहेर सेतेआइश नावाचा राजवाडा आहे. फ्रेंचांना मोकळे सोडणारा १८०८ चा बदनाम तह इथेच झाला, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. या तहामुळे चौकशीला सामोरा गेलेला एक ब्रिटिश सेनापती जालना जिल्ह्याला चांगलाच परिचित आहे. तहाच्या पाच वर्षे आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, त्यानेच आसईच्या माळावर शिंदे-भोसले यांच्या फौजेचा पराभव केला होता. हा सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

आसईत त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले, तरी त्याचा गौरव झाला. पोर्तुगालमध्ये त्याने चार दिवसांत दोन लढाया जिंकल्या. त्या दोन्हींचे मिळून नुकसान आसईपेक्षा कमी होते, तरीही त्याच्यावर चौकशी बसली. असे का झाले?

वेलस्ली कोण होता?

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडमधील एका उमराव घराण्यात झाला. वडील संगीतकार होते आणि ते लवकर वारले. आर्थर अभ्यासात मागे होता आणि घरच्यांना त्याच्याकडून फारशी आशा नव्हती. काही काळ इटन शाळेत आणि नंतर फ्रान्समधील आंजे येथील अकादमीत शिकून तो १७८७ मध्ये सैन्यात भरती झाला. तरुणपणी तो व्हायोलिन वाजवत असे. किटी पेकनॅम या तरुणीच्या घरच्यांनी त्याची मागणी नाकारली, तेव्हा त्याने व्हायोलिन जाळून टाकले आणि शिपाईगिरीकडे पूर्ण लक्ष दिले.

फेब्रुवारी १७९७ मध्ये तो ३३व्या पलटणीचा कर्नल म्हणून कोलकात्यात उतरला. पुढच्या वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला. आर्थरला पुढे मिळालेल्या संधींमध्ये या नात्याचा वाटा मोठा होता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणचा पाडाव झाल्यावर तेथील कारभार त्याच्याकडे आला. १८०० मध्ये त्याने धोंडिया वाघचा पाठलाग करून त्याला लढाईत ठार केले. धोंडियाच्या अनाथ मुलाच्या पालनपोषणाची व्यवस्थाही त्यानेच लावली.

तो दख्खनमध्ये कशासाठी आला?

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकर यांनी पुण्याजवळ हडपसर येथे शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून वसईला गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तिथे इंग्रजांशी तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज ठेवण्याचे मान्य केले. मे १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेच्या बळावर बाजीराव पुण्यात परतले.

हा तह दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना मान्य नव्हता. ऑगस्टमध्ये युद्धाला तोंड फुटले. १२ ऑगस्टला अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला इंग्रजांकडे गेला. त्यानंतर वेलस्ली औरंगाबादला पोहोचला. कर्नल स्टीव्हन्सन याच्या तुकडीने २ सप्टेंबरला जालना घेतले. शिंदे-भोसले यांचे घोडदळ मात्र निजामाच्या मुलखात वेगाने फिरत होते आणि इंग्रजांच्या हाती लागत नव्हते.

बदनापूरला काय ठरले?

२१ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. मराठ्यांची फौज भोकरदनच्या बाजूला असल्याची खबर होती. डोंगरातील अरुंद वाटांनी सगळे सैन्य एकत्र नेले असते तर वेळ लागला असता. म्हणून स्टीव्हन्सनने पश्चिमेकडून आणि वेलस्लीने पूर्वेकडून निघायचे, आणि २४ तारखेला दोघांनी मिळून हल्ला करायचा, असे ठरले.

२३ तारखेला वेलस्ली नळणीजवळ पोहोचला, तेव्हा वेगळीच बातमी मिळाली. शत्रू अंदाजापेक्षा बराच जवळ होता आणि केळना व जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात तळ देऊन होता. तो तिथून हलण्याच्या बेतात असल्याचेही सांगण्यात आले. स्टीव्हन्सन अजून दूर होता. त्याची वाट पाहायची की हाताशी असलेल्या तोकड्या फौजेनिशी लढायचे, हे वेलस्लीला लगेच ठरवायचे होते. त्याने लढायचे ठरवले.

आसईत काय घडले?

वेलस्लीकडे इंग्रज आणि मद्रासी शिपाई मिळून साधारण साडेचार हजार कवायती सैनिक होते. सोबतीला म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे काही हजार घोडेस्वार होते. समोर शिंद्यांच्या दहा हजारांवर कवायती पायदळासह शंभराच्या आसपास तोफा आणि तीस हजारांहून अधिक घोडदळ होते. बेगम समरूच्या पलटणीही तिथे होत्या. कवायती पायदळाची सूत्रे पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे होती.

समोरून केळना ओलांडणे म्हणजे थेट तोफांच्या तोंडी जाणे होते. दुसरा उतार जवळपास नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावे समोरासमोर दिसली. दोन गावे इतकी जवळ आहेत, तर माणसांना ये-जा करायला उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला. तो खरा ठरला. फौज तिथून पलीकडे गेली आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आली.

मात्र पोलमनने तितक्याच शिस्तीने आपली फळी वळवली. केळनेपासून जुईकाठच्या आसई गावापर्यंत नवी फळी उभी राहिली. इंग्रजांची उजवीकडची तुकडी चुकून आसई गावाच्या फार जवळ गेली आणि तिथल्या तोफांनी ७४व्या हायलँडर पलटणीची दैना केली. घोडदळाने वेळीच धाव घेतल्यामुळे ती पलटण पूर्ण नष्ट होता होता वाचली. दुसरीकडे इंग्रजांची फळी पुढे गेल्यावर तोफांजवळ मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठा गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून मारा सुरू केला. वेलस्लीला वळून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. या धुमश्चक्रीत त्याच्या अंगाखालचे दोन घोडे जायबंदी झाले.

संध्याकाळपर्यंत मराठ्यांचे पायदळ जुईपलीकडे मागे हटले. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. इंग्रजांचे ४२८ सैनिक ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाले, म्हणजे कवायती सैनिकांपैकी साधारण दर तिघांत एक. मराठ्यांकडील मृत आणि जखमींची संख्या सहा हजारांच्या घरात सांगितली जाते. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी पोहोचला. जखमींसाठी नंतर अजिंठा गावात इस्पितळ उभारण्यात आले. आयुष्याच्या अखेरीस वेलिंग्टनला त्याच्या सर्वोत्तम लढाईबद्दल विचारले गेले, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव न घेता आसईचे घेतले.

तह करण्याचा अधिकार कोणाकडे होता?

सिंत्राचे प्रकरण समजून घेण्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दख्खनमध्ये लढण्याचा आणि बोलणी करण्याचा, असे दोन्ही अधिकार वेलस्लीकडे होते. कोलकात्याहून पत्र यायला आठवडे लागत. त्यामुळे जून १८०३ मध्येच गव्हर्नर जनरलने त्याला दख्खनमधील लष्करी आणि राजकीय कामाचे पूर्ण अधिकार दिले होते.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. नोव्हेंबरमध्ये त्याने शिंद्यांशी तात्पुरता युद्धविराम केला. घोडदळ ठरलेल्या ठिकाणी हलवण्याची अट पाळली गेली नाही, असे म्हणत त्याने २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या बाजूला अडगाव येथे हल्ला केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगाव येथे भोसल्यांशी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला.

या दुसऱ्या तहात जालन्याचा थेट उल्लेख आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील जो मुलूख शिंद्यांनी सोडला, त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा होता. पुढे हा भाग निजामाकडे गेला आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. आसईची लढाई एका दुपारीत संपली, पण तिच्यानंतरच्या तहाने जालन्याचे पुढचे जवळपास दीड शतक ठरवले.

वेलस्ली पोर्तुगालला कसा पोहोचला?

मार्च १८०५ मध्ये त्याने भारत सोडला. वाटेत तो सेंट हेलेना बेटावरील ब्रायर्स या बंगल्यात राहिला. दहा वर्षांनी कैदी म्हणून तिथे आलेल्या नेपोलियनचा सुरुवातीचा मुक्कामही याच ठिकाणी होता. मायदेशी परतल्यावर १८०६ मध्ये त्याने किटी पेकनॅमशीच लग्न केले.

तिकडे नोव्हेंबर १८०७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने जनरल ज्यूनो याच्या नेतृत्वाखाली लिस्बन घेतले. पोर्तुगालचे राजघराणे आदल्याच दिवशी जहाजांत बसून ब्राझीलला निघाले होते. याच काळात गोव्यातही इंग्रजांची फौज तळ देऊन होती. फ्रेंचांचा शिरकाव रोखण्याचे कारण देत १७९९ मध्ये आलेली ही फौज १८१३ पर्यंत तिथे राहिली.

पोर्तुगाल सोडवण्यासाठी ब्रिटनने वेलस्लीला पाठवले. १ ऑगस्ट १८०८ पासून त्याचे सैन्य मोंदेगो नदीच्या मुखाशी उतरू लागले. १७ ऑगस्टला रोलिसा आणि २१ ऑगस्टला विमेइरू या दोन्ही लढाया त्याने जिंकल्या. विमेइरूनंतर लिस्बनची वाट जवळपास मोकळी झाली होती.

मग सिंत्राचा तह कसा झाला?

फरक इथे पडला. दख्खनमध्ये वेलस्लीच्या वर कोणी नव्हते, तर पोर्तुगालमध्ये लंडनने त्याच्यापेक्षा वरिष्ठ सेनापती मागोमाग रवाना केले होते. विमेइरूची लढाई संपत असताना सर हॅरी बरार्ड याने सूत्रे घेतली आणि पळणाऱ्या फ्रेंचांचा पाठलाग करण्यास नकार दिला. दुसऱ्या दिवशी सर ह्यू डॅलरिंपल येऊन पोहोचला आणि बरार्डही दुय्यम ठरला. २४ तासांच्या आसपास एका सैन्याला तीन सेनापती मिळाले.

त्याच दिवशी फ्रेंचांचा जनरल केलरमान बोलणी करायला आला. शस्त्रसंधीचा मसुदा तयार झाला आणि डॅलरिंपलच्या सांगण्यावरून वेलस्लीने त्यावर सही केली. सगळ्याच अटी त्याला पटत नव्हत्या. पण पाठलागाची वेळ निघून गेली होती आणि फ्रेंच लिस्बनमधून बाहेर पडणे फायद्याचे आहे, असेही त्याचे मत होते.

अंतिम करार ३० ऑगस्टला झाला. त्यानुसार वीस हजारांहून अधिक फ्रेंच सैनिकांना ब्रिटिश जहाजांतून फ्रान्सला पोहोचवायचे होते. त्यांना युद्धकैदी मानले जाणार नव्हते. शस्त्रे आणि खासगी मालमत्ता सोबत नेण्याची मुभा त्यांना होती. या खासगी मालमत्तेत पोर्तुगालमधून लुटलेला बराच ऐवज होता. ज्यांचा देश लुटला गेला, त्या पोर्तुगीजांना या बोलण्यांत स्थान नव्हते. त्यांचा सेनापती बेर्नार्दिम फ्रेइरे याने निषेध नोंदवला, पण उपयोग झाला नाही.

या अंतिम करारावर वेलस्लीची सही नव्हती. मात्र आधीच्या शस्त्रसंधीवरील सहीमुळे लोकांच्या लेखी तोही तितकाच दोषी ठरला.

तहाला सिंत्राचे नाव का मिळाले?

करार ठरला लिस्बनमध्ये. डॅलरिंपलने त्याला मंजुरी दिली तोरेश व्हेद्रशला. नंतर त्याचा तळ सिंत्राला हलला आणि लंडनला पाठवलेल्या खलित्यावर सिंत्राचे नाव पडले. तेच नाव तहाला कायमचे चिकटले. पुढच्या वर्षी कवी बायरन सिंत्राला गेला. गावाच्या निसर्गावर तो खूश झाला, पण आपल्या प्रसिद्ध प्रवासकाव्यात त्याने हा तह मार्केस मारियाल्वाच्या वाड्यात, म्हणजे सेतेआइशमध्ये झाल्याचे लिहून ब्रिटिश सेनापतींची टिंगल केली. सेतेआइशची कथा यामुळे सर्वदूर पोहोचली.

चौकशीत काय झाले?

फ्रेंच लुटीसह सुखरूप घरी गेल्याचे कळताच ब्रिटनमध्ये संताप उसळला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, व्यंगचित्रे निघाली. कवी वर्ड्सवर्थने या तहाविरुद्ध अख्खी पुस्तिका लिहिली. तिन्ही सेनापतींना परत बोलावण्यात आले आणि नोव्हेंबर-डिसेंबर १८०८ मध्ये लंडनच्या चेल्सी इस्पितळात सात सेनाधिकाऱ्यांच्या मंडळासमोर चौकशी झाली.

मंडळाने शस्त्रसंधीला सहा विरुद्ध एक आणि अंतिम कराराला चार विरुद्ध तीन अशा मतांनी मान्यता दिली. कोणालाही शिक्षा झाली नाही. मात्र डॅलरिंपल आणि बरार्ड यांना पुन्हा रणांगणावरचे नेतृत्व मिळाले नाही. वेलस्लीला मिळाले. सरकारमध्ये त्याचे वजनदार मित्र होते, भाऊ राजकारणात होता आणि दोन ताजे विजयही नावावर होते. जानेवारी १८०९ मध्ये सर जॉन मूर कोरुन्याच्या लढाईत मारला गेला आणि पोर्तुगालसाठी अनुभवी सेनापतीची गरज भासली. एप्रिलमध्ये वेलस्ली पुन्हा लिस्बनला उतरला. या वेळी मुख्य सूत्रे त्याच्याच हाती होती.

त्यानंतरचे आयुष्य कसे गेले?

१८०९ मध्ये तालावेराच्या लढाईनंतर त्याला वेलिंग्टन ही पदवी मिळाली. लिस्बनच्या रक्षणासाठी त्याने तोरेश व्हेद्रशच्या डोंगरांत दीडशेच्या आसपास गढ्यांची साखळी गुप्तपणे बांधून घेतली. १८१० मध्ये फ्रेंच फौज तिथे अडली आणि उपासमार होऊन मागे फिरली. याची किंमत पोर्तुगीज शेतकऱ्यांनी मोजली. शत्रूला धान्य मिळू नये म्हणून त्यांना घरेदारे सोडायला लावली होती आणि त्यात असंख्य लोक भुकेने व रोगराईने मेले.

रसद हा त्याचा हातखंडा विषय होता आणि त्याचे धडे त्याने दख्खनमध्ये गिरवले होते. इथे सैन्याला धान्य पुरवणारे बंजाऱ्यांचे तांडे आणि चांगले बैल यांच्यावर मोहीम अवलंबून असे. गावे लुटण्यापेक्षा पैसे मोजून धान्य घेतले तर बाजार चालू राहतो, हे तत्त्व त्याने युरोपातही शक्यतो पाळले. त्याला हिणवण्यासाठी नेपोलियन त्याचा उल्लेख शिपायांचा सेनापती असा करत असे. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला याच सेनापतीने, प्रशियाच्या फौजेच्या साथीने, नेपोलियनचा शेवटचा पराभव केला.

१८२८ ते १८३० या काळात तो ब्रिटनचा पंतप्रधान होता. कॅथलिकांना संसदेची दारे उघडणारा १८२९ चा कायदा त्याच्या कारकिर्दीत झाला. मतदानाचा हक्क वाढवण्याला मात्र त्याने कडाडून विरोध केला. संतप्त जमावाने त्याच्या लंडनमधील घराच्या काचा फोडल्या आणि त्याला खिडक्यांना लोखंडी झडपा बसवाव्या लागल्या. १४ सप्टेंबर १८५२ रोजी त्याचे निधन झाले.

सिंत्राला गेल्यावर काय पाहावे?

गावाच्या मध्यभागी जुना राष्ट्रीय राजवाडा आहे. त्याच्या स्वयंपाकघरावरची दोन पांढरी शंकूच्या आकाराची धुराडी लांबूनही दिसतात. डोंगरावरील मूरांचा किल्लाही वेलस्लीच्या काळाच्या कितीतरी आधीचा आहे. फोटोंत सर्वाधिक दिसणारा लाल-पिवळा पेना राजवाडा मात्र त्यानंतरचा. राजा फर्नांदो दुसरा याने १८३८ नंतर पडीक मठाच्या जागी तो बांधला. १९९५ पासून सिंत्राचा हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मोंसेरातच्या बागांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेतेआइश लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका डच व्यापाऱ्याने बांधलेला हा वाडा पुढे मारियाल्वा घराण्याने घेतला. आता तिथे हॉटेल आहे. त्याच बाजूला पेन्या व्हेर्दे ही पोर्तुगीज भारताचा सोळाव्या शतकातील गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रू याची बाग आहे. गुजरातमधील सोमनाथचा, इसवी सन १२८७ चा संस्कृत शिलालेख या बागेत पोहोचला होता. अभ्यासक त्याला सिंत्रा प्रशस्ती या नावाने ओळखतात.

आसईचे काय?

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला भोकरदन-जाफराबाद परिसरात केळना आणि जुई आजही वाहतात. सिंत्रासारखे राजवाडे, तिकिटाच्या खिडक्या किंवा पर्यटकांच्या रांगा इथे नाहीत. आसईचे नाव टिकले ते फौजांच्या चिन्हांत. भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावरचा हत्ती आसईचाच आहे. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या मद्रासी शिपायांना मिळालेला हा मान होता. मात्र भारतीय राज्यकर्त्यांविरुद्धच्या लढाईतून मिळालेला असल्याने आसईचा युद्धसन्मान स्वतंत्र भारतात साजरा केला जात नाही.

जो तह सिंत्रात झालाच नाही, त्याच्यासाठी सिंत्राचा एक राजवाडा जगभर ओळखला जातो. जालन्याच्या माळावर मात्र हजारो माणसे खरोखर पडली. पोर्तुगालच्या तहाने सेनापतीच्या वाट्याला सहा-सात आठवड्यांची चौकशी आली. सुर्जी-अंजनगावच्या तहाने जालन्याच्या पुढच्या अनेक पिढ्यांचा राजा बदलला आणि त्याची चौकशी कोणीच केली नाही.